अर्ज विद्यापीठाला की महाविद्यालयाला? हेमलकशातून पाहताना

परवा एका मैत्रिणीने तिचा संशोधन आराखडा वाचायला दिला. नुकतीच पीएचडीच्या तयारीला लागली आहे. विषय चांगला होता, पण पहिल्याच ओळीत अडखळले: ‘गोंडवाना विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करणारे आदिवासी विद्यार्थी’. मी विचारलं, तू बीएस्सीला असताना विद्यापीठाकडे अर्ज केला होतास का? ती हसली. मीही केला नव्हता. तीन महाविद्यालयांची माहितीपुस्तकं विकत घेतली, तीन फॉर्म भरले, तीन ठिकाणच्या गुणवत्ता यादीत नाव शोधत उभी राहिले. विद्यापीठाचं नाव खऱ्या अर्थाने आयुष्यात आलं ते परीक्षेचा फॉर्म भरताना.

तुम्हीही शिक्षणाच्या इतिहासावर काही करणार असाल, तर हा फरक आधी समजून घ्या. नाहीतर पुढची सगळी आकडेमोड तिरकी जाते.

विद्यापीठाच्या पोटातलं विशिष्ट कॉलेज निवडून अर्ज करायचा म्हटलं की लोकांना ऑक्सफर्ड-केंब्रिज आठवतं. तिथे अर्जात कॉलेजचं नाव घालता येतं, किंवा कुठलंच न घालता खुला अर्ज करता येतो. मुलाखत कॉलेजातले शिक्षक घेतात, पदवी विद्यापीठ देतं. पण भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा विद्यापीठाची असते. म्हणजे कॉलेज बदललं तर राहण्या-जेवण्याची जागा बदलते, प्रयोगशाळा तीच राहते.

आपण घडी उचलली ती तिथली नाही, लंडनची. लंडन विद्यापीठ 1836 साली स्थापन झालं ते परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवायचं काम कॉलेजांचं. 1854 च्या वुडच्या खलित्याने हाच नमुना पुढे केला आणि 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तीन विद्यापीठं त्यावर उभी राहिली. आता गंमत बघा. लंडनने पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, कॉलेजची अट काढून टाकली आणि परीक्षा बाहेरच्या उमेदवारांना खुली केली. आपल्याकडे संलग्नता राहिली, आणि 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने ती आणखी घट्ट केली. कुठलं कॉलेज कुठल्या विद्यापीठाकडे जाणार, याच्या हद्दी सरकार ठरवू लागलं.

विदर्भात याचा परिणाम स्वच्छ दिसतो. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं. दोन्ही आधी कलकत्त्याला जोडलेली, मग अलाहाबादला, आणि 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ झाल्यावर नागपूरला. इमारत तीच, वर्ग तेच. पदवीवरचं नाव मात्र दोनदा बदललं. विद्यार्थी अर्ज घेऊन त्याच दाराशी येत राहिला.

आता हेमलकशाला या. लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला डिसेंबर 1973 मध्ये, आश्रमशाळा 1976 मध्ये. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो चंद्रपूरमधून 1982 मध्ये वेगळा झाला. ज्या संस्थेचा हा प्रकल्प, त्याच महारोगी सेवा समितीने वरोऱ्याला आनंद निकेतन महाविद्यालय 1964 मध्येच काढलं होतं. वरोरा आणि नागपूर दोन्ही एकाच नागपूर विद्यापीठात. 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं, मुख्यालय गडचिरोलीला. वरोरा इकडे आलं, नागपूर तिकडे राहिलं.

विद्यापीठ जवळ आलं, हे खरं. परीक्षा विभागातल्या कामासाठी नागपूर गाठावं लागायचं ते थांबलं, हा फायदा लहान नाही. पण बारावी झालेल्या माडिया मुलीच्या दृष्टीने बघा. महाविद्यालयाला संलग्नता मिळते ती अभ्यासक्रमागणिक. जवळच्या महाविद्यालयात जी शाखा नाही, ती नव्या विद्यापीठाने आपोआप येत नाही. शाखा हवी तर गाव बदलायचं, गाव बदलायचं तर आधी वसतिगृह बघायचं. शिवाय प्रवेशाचे दिवस जून-जुलैचे. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधल्या पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आणि गुणवत्ता यादीची तारीख काही नदीला विचारून ठरत नाही. म्हणून मला वाटतं, इथे ‘आवडीचा विषय निवडला’ असं सहज लिहू नये. विषय कितीदा वसतिगृहाने निवडलेला असतो, हे आधी विचारावं.

मैत्रिणीच्या आराखड्यातली खरी अडचण इथेच होती. तिने 2005 ते 2020 अशी आकड्यांची एकच मालिका धरली होती. 2011 च्या आधी भामरागडची मुलगी वरोऱ्याला गेली काय किंवा नागपूरला गेली काय, दोन्हीकडे ती नागपूर विद्यापीठाच्याच आकड्यात. 2011 नंतर नागपूरला गेलेली मुलगी गोंडवानाच्या तक्त्यात दिसतच नाही. ती शिकते आहे, पण तुमच्या संशोधनातून गळली! तक्त्यात दिसणारी घट खरी आहे की फक्त हद्द बदलल्याची, हे विद्यापीठाच्या पातळीवर बसून कळणार नाही. 1982 च्या आधीचे ‘चंद्रपूर’ म्हणून छापलेले आकडे वापरतानाही हीच काळजी, कारण त्यांत गडचिरोली आहे.

मी तिला सांगितलं, एकक बदल. विद्यापीठ सोड, महाविद्यालय धर. प्रवेश-नोंदवहीत विद्यार्थ्याचं मूळ गाव आणि आधीची शाळा मिळते का बघ. दुसऱ्या टोकाला आश्रमशाळेकडे जा आणि दाखला घेऊन कोण कुठे गेलं ते विचार. दोन्ही टोकं जुळली की मधला रस्ता दिसतो. नोंदवही बघायला प्राचार्यांची लेखी परवानगी लागेल आणि विद्यार्थ्यांची नावं प्रबंधात येणार नाहीत, हे त्या पत्रातच लिहून दे. आणि हो, हे काम मे महिन्यात कर. जुलैत कार्यालयात नव्या प्रवेशांची गर्दी असते आणि भामरागडचा रस्ता बंद असू शकतो.

तिने शीर्षकातला ‘विद्यापीठात’ खोडून ‘महाविद्यालयांत’ केलं आहे. आता नागपूरची कुठली महाविद्यालयं घ्यायची, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.