बाबासाहेबांच्या कपाटातील कादंबरी

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेने उभ्याने आलेली माणसे चैत्यभूमीवर माथा टेकतात, घरून बांधून आणलेली भाकरी खातात आणि परतताना पिशवीत एखादे तरी पुस्तक टाकतात. देशात इतर कुठल्या महापुरुषाच्या स्मृतिदिनी त्याचे अनुयायी हारफुलांपेक्षा पुस्तकांसाठी अशी गर्दी करतात? याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा.

पण काही वर्षांपूर्वी याच गर्दीत घडलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. कॉलेजात शिकणारी एक मुलगी स्टॉलवर एक अनुवादित कादंबरी चाळत उभी होती. शेजारी चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते. ते तिला म्हणाले, "पोरी, कथा-कादंबऱ्यांत पैसे कशाला घालवतेस? चळवळीचं काहीतरी घे." मुलीने कादंबरी खाली ठेवली आणि एक पुस्तिका घेऊन निघून गेली. मी तिथेच होतो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

प्रश्न सरळ आहे. 'चळवळीचे वाचन' आणि 'बाकीचे वाचन' अशी भिंत बाबासाहेबांनी घातली होती का? की ती आपण नंतर बांधली? इतिहास तपासू.

दागिना गहाण ठेवून आणलेली पुस्तके

सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झालेले. मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली, पेन्शन तुटपुंजी. भीमाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात, तिथून एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ही पुस्तके फक्त शाळेत नेमलेली नव्हती. अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचे वेड भीमरावांना शाळेतच लागले होते आणि बाप ते वेड कर्ज काढून पोसत होता.

हा कबीरपंथी बाप मुलांकडून रामायण-महाभारतही वाचून घेत असे. त्याबद्दल बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत सविस्तर सांगितले आहे. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, म्हणून आपल्यातल्या अनेकांच्या नजरेतून ती सुटते. भीमरावांनी वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचे गोडवे आणि शूद्रांची मानहानी आहे, ते आपण का वाचायचे? पहिल्या वेळी वडील रागावले. पुढे मात्र ते उत्तर तयार करून आले. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा धोका आहे. द्रोण, कर्ण ही लहान माणसे किती उंचीला पोहोचली ते पाहा. वाल्मीकी तर कोळी होता. न्यूनगंड जावा म्हणून हे वाचायचे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

भीमरावांना यात काही तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. त्यांनी भीष्म, द्रोण, कृष्ण, राम या एकेका पात्राची उलटतपासणी केली. वालीला कसे मारले, शूर्पणखेशी कसे वागले, सीतेचे काय केले, सगळे विचारले. वडील निरुत्तर झाले. बाबासाहेब सांगतात की, याच अवस्थेत ते केळुसकर गुरुजींनी दिलेल्या पुस्तकाच्या आधाराने बुद्धाकडे वळले.

मित्रांनो, हा क्रम नीट पाहा. आधी कथा आली, कथेतल्या पात्रांशी भांडण झाले आणि त्या भांडणातून निर्माण झालेली भूक एका चरित्राने भागवली. पुढे १९४६ सालचे 'शूद्र पूर्वी कोण होते?' किंवा 'हिंदू धर्मातील कोडी' लिहिणाऱ्या संशोधकाचा जन्म ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात झाला नाही. तो चाळीतल्या खोलीत, गोष्ट ऐकताना "पण असं का?" विचारणाऱ्या मुलाच्या रूपाने आधीच झाला होता. ज्याने कथा वाचलीच नाही, तो तिच्यावर उलट प्रश्न काय विचारणार?

चरित्र : देव्हाऱ्यासाठी नव्हे

ते चरित्र कसे मिळाले हे आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या नजरेला पडला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांनी तुकारामाचे आणि शिवाजी महाराजांचेही चरित्र लिहिले. सयाजीराव महाराजांकडून मिळालेल्या शिष्यवृत्तीमागेही त्यांची खटपट होती.

पण भाषणात एक गोष्ट राहून जाते. चरित्र कसे वाचायचे, हेही बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेले 'रानडे, गांधी आणि जीना' हे व्याख्यान काढून वाचा. त्यात ते थोर माणसे इतिहास घडवतात की परिस्थिती, हा वाद कार्लाइल आणि मार्क्स यांच्यापर्यंत नेऊन भिडवतात. थोर माणूस कोणाला म्हणावे याची कसोटी मांडतात. आणि विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट बजावतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा याच विचाराचा पुढचा टप्पा आहे.

म्हणजे ज्यांचे आयुष्य एका चरित्राने वळवले, तेच सांगत होते की चरित्र वाचा, पण डोके गहाण ठेवू नका. आज आपण बाबासाहेबांची चरित्रे कशी वाचतो? चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य वेचून उभ्या केलेल्या चरित्रखंडांपैकी किती खंड आपल्या विहारात आहेत? असतील तर त्यांची पाने कापलेली आहेत का? की फक्त मुखपृष्ठावर हार घातलेला आहे?

सरायीतून हाकललेला वाचक

आता ज्या कपाटाला आपण कुलूप लावले आहे त्या कपाटाकडे येऊ, म्हणजे कथा-कादंबरीकडे.

बाबासाहेबांना रडवणारी पुस्तके कोणती होती? धनंजय कीरांच्या चरित्रात तीन नावे येतात : टॉलस्टॉयचे चरित्र, व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' आणि थॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'. म्हणजे एक चरित्र आणि दोन कादंबऱ्या. 'रुपयाचा प्रश्न' लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष कादंबरी वाचून रडत होता, हे आपल्या भाषणांत कधी येते का?

ह्यूगोच्या कादंबरीचा नायक जाँ व्हालजाँ भाकरी चोरल्याबद्दल तुरुंगात गेलेला. पळून जाण्याचे प्रयत्न फसल्याने शिक्षा वाढत वाढत १९ वर्षांची झाली. सुटून एका गावात येतो. खिशात पैसे आहेत, पण त्याच्याजवळचा पिवळा दाखला सांगतो की हा कैदी होता. खानावळवाला त्याला बाहेर काढतो. दुसराही काढतो. पैसे असूनही माणसाला छप्पर मिळत नाही, कारण कागदावर त्याची ओळख लिहिलेली आहे.

आता बडोदा आठवा. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी सरायीत नाव बदलून राहिले. त्या अंधाऱ्या, रिकाम्या, वटवाघळांनी भरलेल्या जागेत कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसत. वाचनात गढले की एकटेपणाचा विसर पडे, असे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी बाबासाहेबांना बाहेर काढले. कुठेच आसरा मिळेना, तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला त्या दिवशी त्याची सगळी विद्या एक खोली मिळवून देऊ शकली नाही, हे सत्य लपवायचे कारण नाही. पुस्तके जात मोडत नाहीत, जात मोडायला संघर्षच लागतो. पण सरायीतून हाकलला गेलेला माणूस जेव्हा खानावळीतून हाकलल्या गेलेल्या फ्रेंच कैद्याची गोष्ट वाचतो, तेव्हा त्याला कळते की आपला अपमान हा नशिबाचा भाग नाही, जगभर व्यवस्था माणसाला असेच दारातून परत पाठवते. कायद्याचे पुस्तक हक्क सांगते. दुसऱ्याचे दुःख आपल्या छातीत कसे दुखते, हे कादंबरी सांगते. आणि बंधुता म्हणजे दुसरे काय?

काही मित्र म्हणतील, कष्टकऱ्याच्या खिशात शंभर रुपये असतील तर त्याने आधी संविधान घ्यावे. मान्य. पहिले पुस्तक तेच घ्या. पण दुसरे? अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. मुंबईत मजुरी करत अक्षरे शिकले, गॉर्कीसारख्या लेखकांच्या पुस्तकांनी त्यांना घडवले. १९५८ साली दादरला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे त्यांनी उद्घाटन केले. १९५९ साली 'फकिरा' आली आणि ती त्यांनी अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. बाबासाहेबांच्या लेखणीचे ऋण एका कष्टकऱ्याने कादंबरी लिहून फेडले! पुढे बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती', दया पवारांचे 'बलुतं', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', उर्मिलाताई पवार यांचे 'आयदान' आले. ही पुस्तके आली नसती तर जातीचे चटके आकडेवारीतच बंद राहिले असते. ही चळवळ नव्हे, असे म्हणण्याची हिंमत कोण करेल?

कला कोणाची?

तिसरे कपाट कलेचे. हा तर 'त्यांचा' प्रांत, असे आपण न बोलता मान्य केलेले आहे. बाबासाहेबांनी ते मानले नाही. उतारवयात, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना ते व्हायोलिन शिकत होते आणि चित्रकलेची पुस्तके पाहून हातात कुंचला धरत होते. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र आज हजारो घरांत आहे. मिटलेल्या डोळ्यांनी ध्यान करणारा नव्हे, तर जगाकडे बघणारा बुद्ध. ही नुसती सजावट नव्हे, ही धम्माची मांडणी आहे, फक्त ती रंगांत केलेली आहे.

आपला कलेचा इतिहास कोणत्या पुस्तकांत बंद होता तेही पाहा. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १३ वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती लंडनमध्ये आगीत जळाल्या. उरलेल्या कामावरून १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ निघाले. असले ग्रंथ ग्रंथालयांच्या आणि संस्थानिकांच्या कपाटांत गेले. अजिंठ्याच्या पायथ्याशी पाणी वाहणाऱ्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसापर्यंत ते कसे पोहोचणार? त्याला त्याचा बुद्ध दिसायला १९५६ उजाडावे लागले. आज चैत्यभूमीचे तोरण आणि दीक्षाभूमीचा स्तूप पाहून खेड्यातली आजीसुद्धा सांचीचा आकार ओळखते. मग तिच्या नातवाच्या हातात अजिंठा-सांचीवरचे चित्रांचे पुस्तक का असू नये?

भिंत कोणी बांधली?

बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान दुसऱ्या जहाजातून येत होते. ते जहाज टॉर्पेडोने बुडाले आणि पुस्तकेही बुडाली. तरी ते थांबले नाहीत. हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते माणसांइतकेच पुस्तकांसाठी. मग सिद्धार्थ आणि मिलिंद ही महाविद्यालये उभी केली. त्याच मिलिंदच्या, नागसेनवनाच्या परिसरातून दलित साहित्याच्या चळवळीला बळ मिळाले, डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. हा योगायोग नव्हे. सर्व प्रकारच्या पुस्तकांनी भरलेल्या कपाटाचे ते पीक होते.

प्रस्थापितांनी बाबासाहेबांना 'घटनाकार' या एका शब्दात कोंडले आणि आपले साहित्य ग्रंथालयाच्या कोपऱ्यात 'दलित साहित्य' अशी पाटी लावून वेगळे ठेवले. ती त्यांची अस्पृश्यता. पण बाकी सगळे साहित्य, सगळी कला 'आपली नाही' म्हणून आपणच बाहेर ठेवणार असू, तर ते कोंडणे आपण आतून पूर्ण करतो आहोत. ज्यांना शेकडो वर्षे अक्षर नाकारले, त्यांनी अमुक एक पुस्तक आपल्यासाठी नाही असे म्हणणे हा मनुवादाचाच विजय आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत नाकारले म्हणून पर्शियन घ्यावे लागलेल्या मुलाने पुढे संस्कृतही आपल्या जिद्दीने शिकून घेतले, हे विसरू नका.

म्हणून एक साधी सूचना. येत्या पावसाळ्यात वर्षावास सुरू होईल, विहाराविहारांत ग्रंथवाचन होईल. आपल्या विहारातल्या कपाटात बाबासाहेबांच्या खंडांशेजारी तीन कप्पे वाढवा : एक चरित्रांचा, एक कथा-कादंबऱ्यांचा, एक कलेचा. महिन्यातला एक रविवार मुलांना यातले कोणतेही पुस्तक उचलू द्या. काय उचलले यावर टीका करू नका. वाचून झाल्यावर मात्र नक्की विचारा : या पुस्तकातले तुला काय पटले नाही?

सुभेदारांच्या खोलीत तो प्रश्न एका मुलाने विचारला होता. पुढचे सगळे आपण जाणतोच.

आणि ती मुलगी जर हे वाचत असेल तर तिला सांगायचे आहे : बाई, या ६ डिसेंबरला ये आणि ती कादंबरी घे. शेजारी कोणी काही म्हणालेच, तर या वेळी मी गप्प बसणार नाही.

जय भीम!