वेढ्यातला भिक्षुक : झाशी, १८५८

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाकडे मराठी वाचक बहुधा झाशीच्या राणीसाठी वळतो. राणीला प्रत्यक्ष पाहिलेला, तिच्या दरबारी दक्षिणा घेतलेला आणि तिच्या नगराचा नाश ज्याच्या डोळ्यांदेखत झाला असा मराठी लेखक म्हणून गोडसेभटजींचे मोल आपण ठरवून टाकले आहे. हे मोल खोटे नाही. पण त्यामुळे पुस्तकाच्या नावातला 'प्रवास' हा शब्द मात्र दुर्लक्षित राहिला. गोडसे हे इतिहास लिहायला निघालेले गृहस्थ नव्हते. ते कोकणातल्या वरसई गावाहून दक्षिणा मिळवण्यासाठी बाहेर पडलेले भिक्षुक होते, आणि एका परक्या शहराच्या ऐन गाभ्यात, ते शहर कोसळत असताना अडकलेले प्रवासी होते. अशा प्रवाशाने जीव कसा राखला, हा प्रश्न या पुस्तकाला विचारला की त्याचे एक निराळेच रूप दिसू लागते.

प्रवासाचे निमित्त साधे होते. घरात दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता दक्षिणेतल्या ब्राह्मणांत पसरली होती. १८५७ च्या प्रारंभी, वयाच्या तिशीच्या आसपास असलेले विष्णुभट आपले चुलते रामभट यांच्यासोबत उत्तरेकडे निघाले. घरच्यांना या बेताची धास्ती होती, ती चोरांची, रोगराईची, लांबच्या मुलखाची. त्या धास्तीत युद्ध कोठेच नव्हते. १० मे १८५७ रोजी मीरतला उठाव झाला आणि १ जुलैला इंदूर व महू पेटले. घरून निघताना जो भूगोल या दोघांच्या मनात होता, तो वाटेतच मोडून पडला. ज्या रस्त्यावर आज कंपनीचे राज्य, त्याच रस्त्यावर उद्या बंडवाल्यांचे आणि परवा कोणाचेच नाही, अशी अवस्था झाली.

अशा मुलखात या दोघांपाशी संरक्षणाची साधने कोणती होती? शस्त्र नव्हते, आणि असते तरी ते चालवता आले नसते. होती ती तीन साधने. पहिले म्हणजे वेष. शेंडी, जानवे, सोवळे आणि खांद्यावरचे बोचके पाहून रस्त्यावरच्या माणसाला क्षणात कळे की, हा गरीब ब्राह्मण आहे, याच्याकडून घेण्यासारखे फारसे नाही आणि याला मारण्यात पुण्य तर नाहीच. सातपुड्याच्या परिसरात भेटलेल्या शिपायांनी येऊ घातलेल्या उठावाची कुणकुण या दोघांच्या कानांवर घातली, ती याच ओळखीवर. दुसरे साधन म्हणजे सोबत. रामभटांनी जग पाहिलेले होते. कोठे मुक्काम करावा आणि कोठून पाय काढावा, हे ठरवायला दुसरे डोके होते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे दक्षिणी घरांचे जाळे. पेशवाईच्या विस्ताराबरोबर धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, काशी या ठिकाणी मराठी कुटुंबे जाऊन वसली होती. शास्त्री, कारकून, पुजारी, सरदारांचे आश्रित अशा या घरांत आपल्या गावाचे, गोत्राचे, शाखेचे नाव सांगितले की ओसरीवर जागा मिळे. ज्याला आपण गोडसे यांचा प्रवास म्हणतो, तो खरे पाहता एका मराठी घरातून दुसऱ्या मराठी घरात जाण्याचा प्रवास आहे. मधला रस्ता तेवढा परका.

झाशीत त्यांना असेच घर मिळाले, केशवभट मांडवगणे यांचे. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ मध्ये कंपनीने संस्थान खालसा केले, आणि जून १८५७ मध्ये तेथील शिपाई उठल्यानंतर कारभार पुन्हा राणी लक्ष्मीबाईंकडे आला होता. त्याच जूनच्या ८ तारखेला झोकनबागेत शरण आलेल्या युरोपियन स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली होती. पुढे इंग्रज सैन्य झाशीवर चालून आले, तेव्हा या कत्तलीचा सूड त्याच्या मनात होता. गोडसे शहरात आले तेव्हा वरवर सारे सुरळीत दिसत होते. राणीचे दरबार, देवळांतली अनुष्ठाने, महालक्ष्मीचे दर्शन, ग्रंथालयातील पोथ्यांचा संग्रह यांची वर्णने ते तृप्तीने करतात. भिक्षुकाच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा ती कोणती? भोवती तट, वर किल्ला, राज्यकर्ती मराठी, यजमान मराठी.

येथेच त्या प्रवासातला मोठा पेच आहे. रस्त्यावर असताना शहर हा आसरा असतो. वेढा पडला की तेच शहर पिंजरा होते. सर ह्यू रोज याचे सैन्य मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात झाशीसमोर येऊन ठेपले आणि लवकरच तोफांचा मारा सुरू झाला. १ एप्रिलला तात्या टोपे सुमारे २०,००० फौजेनिशी मदतीला आले, पण बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला तट चढून आणि खिंडार फोडून इंग्रज सैन्य शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री राणी बाहेर पडली. या दोन आठवड्यांत गोडसे शहरातच होते. दरवाजे बंद झाल्यावर प्रवासी आणि रहिवासी हा भेद उरत नाही. इतकेच की रहिवाशाला शहराच्या गल्ल्या ठाऊक असतात, आणि प्रवाशाला केवळ यजमानाचे घर.

वेढ्याच्या काळात शहर आपल्या सुरक्षिततेचे नियम रोज नव्याने शिकते. कुलपी गोळे कोणत्या वेळी येतात, ते कोणत्या भागावर पडतात, कोणत्या भिंतीच्या आड बसावे, पाणी केव्हा आणावे, याचे एक व्यावहारिक शास्त्र लोकांत तयार होते. गोडसे यांच्या निवेदनाचा सूर येथे बदलतो. देवदर्शनाची प्रसन्न वर्णने मागे पडतात आणि अंतरे, आवाज, वेळा यांकडे त्यांचे लक्ष लागते. भीतीने बारकावे पाहायला शिकवलेला माणूस या पानांत बोलतो. मराठी गद्याच्या अभ्यासकाने हा बदल मुद्दाम पाहावा असे वाटते. कारण तो अलंकारशास्त्रातून आलेला नाही, तो प्रसंगातून आलेला आहे.

शहर पडल्यावर जे झाले त्याला गोडसे 'बिजन' म्हणतात. हलवाईपुऱ्यात आगी लावल्या गेल्या. पुरुष दिसेल तेथे मारला गेला. गवताच्या गंजीत लपलेले गंजीसकट जळाले, विहिरींत उड्या टाकलेल्यांना वरून टिपले गेले. हे सारे अतिशयोक्त आहे असे म्हणण्याची सोय नाही. मद्रासच्या सॅपर्स पलटणीसोबत असलेला डॉक्टर थॉमस लो याने १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातही झाशीतल्या संहाराचे वर्णन आहे. तो विजेत्यांच्या बाजूने लिहितो, गोडसे जितांच्या घरातून. आणि तरीही दोघांच्या लिखाणातले शहर एकच आहे, हे ओळखू येते.

लुटीचे गोडसे यांनी केलेले वर्णन विशेष लक्षणीय आहे. ती लूट त्यांना पाळीपाळीने झालेली दिसली. आधी सोने-रुपे व रोकड, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापड, मग धान्य. एका तुकडीमागून दुसरी तुकडी येई आणि पहिलीने सोडलेले नेई. हे बेभान शिपायांचे काम वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. जिंकलेल्या ठिकाणची संपत्ती ही सैन्याची मिळकत, ती मोजून, विकून हुद्द्याप्रमाणे वाटायची, अशी त्या काळच्या ब्रिटिश फौजेची रीतच होती. चित्रकूटजवळच्या करवी येथे अमृतराव पेशव्यांच्या वंशजांची दौलत जून १८५८ मध्ये हाती लागली, तेव्हा तिच्या वाटणीवरून सेनापतींत लागलेला वाद विलायतेच्या न्यायासनापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १८६६ मध्ये लागला. त्या चित्रकूटलाही गोडसे पुढे जाऊन आले. ज्या यंत्रणेची एक बाजू न्यायालयीन कागदांत आकड्यांनी दिसते, तिची दुसरी बाजू 'माझा प्रवास'मध्ये रिकाम्या होत जाणाऱ्या घराने दिसते.

या लुटीत विष्णुभटांनी आणि त्यांच्या काकांनी काय केले? ते घरात आत दडून राहिले, विचारणा झाली तेव्हा जवळचे द्रव्य देऊन टाकले, आणि वाट पाहिली. ज्या दक्षिणेसाठी वरसई सोडली ती अशा रीतीने गेली. सुरक्षिततेच्या सगळ्या शहाणपणाचा शेवटचा नियम हाच असतो : हातातले सोडावे आणि जीव राखावा. पण तो नियम पाळणारे सगळेच वाचले नाहीत, हे विसरून चालणार नाही. शेजारच्या आळीतही माणसे दडली होती, त्यांनीही जवळचे दिले असेल. शिपाई कोणत्या दारातून शिरतो, आग कोणत्या बाजूने येते, यावर पुढचे ठरले. गोडसे या वाचण्याचे श्रेय देवाला देतात. आजचा वाचक त्याला योगायोग म्हणेल. वाचलेल्या माणसाने ते स्वतःच्या हुशारीला दिले नाही, ही गोष्ट दोन्ही वाचनांत शिल्लक राहते.

येथे या पुस्तकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न येतो. राणीच्या लढाईचे, तिच्या निघून जाण्याचे, तटावरच्या घडामोडींचे जे वर्णन गोडसे करतात, त्यातले त्यांनी प्रत्यक्ष किती पाहिले? दडून बसलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही. त्याला आवाज ऐकू येतात, धूर दिसतो आणि नंतर बाहेर पडल्यावर प्रेते दिसतात. मधली कथा इतरांकडून कळते. शिवाय हे सारे त्यांनी लिहिले ते १८८३ च्या सुमारास, म्हणजे सुमारे २५ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. पुस्तक १९०७ साली वैद्यांनी प्रसिद्ध केले, ते भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी केलेली आवृत्ती निघाली ती १९६६ मध्ये. तेव्हा तिथींचा घोळ, ऐकीव मजकूर आणि संपादकाचा हात, तिन्ही गृहीत धरूनच वाचले पाहिजे. मात्र एक निकष असा लावता येईल : जेथे गोडसे तटावरचे सांगतात तेथे सावध राहावे, आणि जेथे ते घराच्या आतले सांगतात तेथे विश्वास ठेवावा. आश्रयाच्या जागेने त्यांच्या दृष्टीला मर्यादा घातली, आणि त्या मर्यादेच्या आतले चित्र त्यामुळेच खरे ठरते.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. ज्या तीन साधनांचा उल्लेख वर केला, ती सर्वांना उपलब्ध नव्हती. वेष पाहून हात आखडावा अशी जात, गावोगाव उघडणारी दारे, श्रीमंत यजमानाचे अनेक दालनांचे घर, हे एका विशिष्ट समाजाचे भांडवल होते. झाशीच्या विणकरांना, हमालांना, बाजारातल्या किरकोळ विक्रेत्यांना ते नव्हते, आणि त्यांच्यापैकी कोणाचा 'माझा प्रवास' मराठीत वा हिंदीत आपल्यापर्यंत आलेला नाही. आपण जो आवाज ऐकतो तो वाचलेल्यांचा असतो, आणि वाचण्याची संधीही समान वाटलेली नसते. शिवाय ते भांडवलही बेभरवशाचे होते. नानासाहेब पेशव्यांचा शोध सुरू झाल्यावर दक्षिणी ब्राह्मण दिसणे हेच संशयाचे कारण होऊन बसले. जी खूण सातपुड्यात ढाल होती, तीच बुंदेलखंडात पुरावा ठरू शकत होती. प्रवाशाची सुरक्षितता त्याच्या अंगावर नसते. समोरचा त्याच्याकडे काय म्हणून पाहतो, यात ती असते.

झाशी सोडून काल्पीच्या वाटेवर असताना विहिरीपाशी राणी भेटल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. तहानलेली, पुरुषी वेषातली राणी. पाणी काढून देऊ पाहणारा भिक्षुक. आणि त्याला थांबवून स्वतः पोहरा ओढणारी ती. उतारा निवडायचा झाला की आपण हाच निवडतो. राणीच्या थोरवीसाठी तो निवडला जातो, ते ठीकच. पण आधीची पाने वाचून येथे आलेल्या वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवते. ज्या शहरात एकीकडे आश्रय देणारी आणि दुसरीकडे आश्रय घेणारा होता, ते शहर आता उरलेले नाही. दोघेही रस्त्यावर आहेत, दोघांनाही पाणी हवे आहे, आणि दोघांच्याही पाठीवर तेच सैन्य आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली. भिक्षुक गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतला.

ती कावड हे या पुस्तकातले शेवटचे संरक्षक चिन्ह. पैसा गेल्यावर, यजमान गेल्यावर, वेष संशयास्पद झाल्यावर उरला तो यात्रेकरू. मिळकत म्हणून त्याने घरी आणले ते एवढेच : आईबापांच्या स्नानापुरते पाणी, आणि २५ वर्षांनी कोणीतरी विचारीपर्यंत मनात राहिलेले एक शहर. विद्यार्थ्यांच्या हाती हे पुस्तक देताना विहिरीच्या प्रसंगाआधीचे ते अंधाऱ्या घरातले दिवसही त्यांना वाचायला सांगावेत. शौर्याचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. दडून राहिलेल्याचा इतिहास इतक्या निःसंकोचपणे सांगणारे पुस्तक आपल्याकडे दुर्मिळ आहे.