का आणि कशाने?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन हायस्कूलमधील दोन मुलांनी आपल्याच शाळेत गोळीबार केला. एक १८ वर्षांचा, दुसरा १७ वर्षांचा. त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. शेवटी दोघांनी स्वतःवरही गोळ्या झाडल्या.

मग सुरू झाली कारणांची चर्चा. 'डूम' हा व्हिडिओ गेम, मॅरिलिन मॅन्सनची गाणी, काळे कोट घालणाऱ्या मुलांची टोळी, मोडलेले संसार, शाळेतला छळ. ज्याला जे आधीपासून आवडत नव्हते, ते त्याने कारण म्हणून पुढे केले. पुढे तपासात निराळेच दिसले. हे दोघे त्या टोळीतले नव्हते. दोघांच्याही घरी आईवडील एकत्र नांदत होते. तयारी वर्षभर चालली होती. शाळेच्या उपाहारगृहात ठेवलेले बॉम्ब फुटले नाहीत, नाहीतर मृतांची संख्या कितीतरी वाढली असती. म्हणजे एखाद्या दिवसाच्या रागाची ही गोष्ट नव्हती.

आता बंदुका आल्या कुठून ते पाहा. चारपैकी तीन बंदुका १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने प्रदर्शनात खाजगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या. तिथे कोणतीही चौकशी झाली नाही. चौकशी होणार असती तर आपण त्या घेतल्याच नसत्या, असे तिनेच नंतर जाहीरपणे सांगितले. सारी चर्चा गेम आणि गाण्यांवर चालली होती, आणि खरी फट इथे होती! कोलोरॅडोच्या मतदारांनी ती नोव्हेंबर २००० मध्ये सार्वमताने बुजवली.

तेच गेम जपानमध्ये आणि ब्रिटनमध्येही खेळले जातात. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये एका प्रौढ माणसाने शाळेत शिरून १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी हातातील पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. त्यानंतर तिथल्या शाळेत असे हत्याकांड झालेले नाही.

'का' हा प्रश्न फुकट आहे असे मी म्हणत नाही. कोलंबाइनच्या एका मुलाच्या वहीत मरणाचे विचार भरलेले होते. गप्प झालेला मुलगा शिक्षकाला दिसायलाच हवा. पण असा मुलगा प्रत्येक देशात, प्रत्येक शाळेत असतो. सगळीकडे त्याच्या हाताशी बंदूक नसते. अमेरिकेत २०२० मध्ये १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक ठरले, मोटार अपघातांच्याही वर.

मिशिगनमध्ये २०२१ साली १५ वर्षांच्या मुलाने शाळेत चौघांना मारले. ते पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतले होते. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयात आई आणि वडील दोघेही दोषी ठरले. मुलाच्या मनात काय होते याबरोबरच, त्याच्या हाती ते शस्त्र कोणी येऊ दिले, हेही आता विचारले जाऊ लागले आहे. फार उशीर झाला, पण प्रश्न योग्य आहे.