समोर न आलेला साक्षीदार



इतिहासाच्या विषयावर बोलण्यास आम्हांला उभे केले, हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण झाले ते कारखान्यांतल्या चौकशीच्या खोल्यांत. तेथे शिकलेला एक धडा प्रथम सांगतो, कारण पुढचा सारा इतिहास त्याच धड्याचा आहे.

एका कामगारावर चोरीचा आळ आला होता. पुरावा काय, तर रखवालदाराची दोन ओळींची चिठ्ठी. आम्ही हट्टच धरला, की रखवालदाराला समोर बसवा. तो आला. चार प्रश्न विचारताच उघड झाले, की त्या रात्री त्याचा पहारा दुसऱ्याच फाटकावर होता. बिचारा दुष्ट नव्हता. कोणी सांगितलेले त्याने लिहून दिले होते इतकेच. चिठ्ठीची उलटतपासणी करता येत नाही, माणसाची करता येते, हा तो धडा.

आता हाच धडा एका बलाढ्य सरकारने कसा गिरवला ते पाहू. दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिका व रशिया यांच्या दोस्तीची जागा संशयाने घेतली. २१ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी हुकूम काढला, की केंद्र सरकारच्या प्रत्येक नोकराची निष्ठा तपासली जावी. यात गैर काय, असे कोणी विचारील. तपासणीच गैर, असे आम्हीही म्हणत नाही. तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यावयाच्या, त्याची विचारपूस साधा पेढीवालाही करतो. शिवाय हेर काही कल्पनेतले नव्हते. अणुबाँबच्या कामावरील शास्त्रज्ञ क्लाऊस फुक्स १९५० मध्ये ब्रिटनमध्ये पकडला गेला, आणि तो तर सुरक्षिततेच्या चाळणीतून पार झालेला माणूस होता!

प्रश्न आहे तो चाळणीच्या रीतीचा. डोरोथी बेली ही बाई वॉशिंग्टनमध्ये सरकारच्या रोजगार खात्यात नोकरीला होती आणि सरकारी नोकरांच्या युनियनच्या स्थानिक शाखेची अध्यक्षही होती. ती कम्युनिस्ट असल्याची खबर असल्याचे १९४८ मध्ये तिला कळवण्यात आले. तिने शपथेवर इन्कार केला. तिच्या बाजूने माणसे उभी राहिली, प्रतिज्ञापत्रे आली. विरुद्ध एकही साक्षीदार हजर झाला नाही. खबर देणारे कोण, हे तिला सांगितले नाही. त्यांनी ती शपथेवरही दिलेली नव्हती. निष्ठा मंडळाच्या अध्यक्षांनीच कबूल केले, की हे खबरे कोण, याची त्यांनाही कल्पना नाही. चौकशीत तिला प्रश्न काय विचारला असेल? रेडक्रॉस गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगळे ठेवते, याविरुद्ध तुम्ही पत्र लिहिले होते काय? माणसाचे रक्त एक आहे असे म्हणणे, हेही संशयाचे कारण ठरावे!

बेलीबाईंची नोकरी गेली. १९५० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की सरकारी नोकरी हा कोणाचा हक्क नव्हे. ३० एप्रिल १९५१ रोजी सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध चार अशी समान मते पडली आणि तोच निकाल कायम राहिला. त्याच्या दोनच दिवस आधी हुकूम बदलला होता. पूर्वी निष्ठाहीनतेला सबळ आधार दाखवावा लागे. आता नुसती वाजवी शंका पुरेशी ठरली. ओझे सरकारच्या खांद्यावरून उतरून नोकराच्या डोक्यावर आले.

१९५३ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी निष्ठेच्या जागी 'सुरक्षितता' हा शब्द आणला. त्याची झूल इतकी मोठी, की तीत माणसाच्या सवयी, व्यसने आणि खाजगी संबंधही आले. समलिंगी असल्याच्या संशयावरून अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. १९५४ मध्ये ओपेनहायमर यांचा गुप्त कामाचा परवाना रद्द झाला. तो निर्णय सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मागे घेतला; तोवर त्यांच्या मृत्यूला पंचावन्न वर्षे लोटली होती.

उलट लाटही आली, हे सांगितले पाहिजे. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अन्न व औषध निरीक्षकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवले, की सुरक्षिततेचा हा कायदा राष्ट्राच्या सुरक्षिततेशी संबंध असलेल्या जागांपुरताच आहे. विल्यम ग्रीन या विमान अभियंत्याचा परवाना निनावी माहितीवरून काढून घेतला होता. १९५९ मध्ये मुख्य न्यायाधीश वॉरेन यांनी निर्णय दिला, की स्पष्ट अधिकार दिलेला नसताना साक्षीदार लपवून माणसाची भाकरी काढता येणार नाही. पुढच्याच वर्षी नवा हुकूम निघाला. त्याने अशा कामगारांना लेखी कारणे मिळण्याचा आणि काही अपवाद सोडून उलटतपासणीचा अधिकार मिळाला.

आपल्याकडे 'चारित्र्य पडताळणी' हा शब्द सरकारी नोकरीच्या प्रत्येक उमेदवाराला पाठ असतो. मध्य प्रदेशात एका शिक्षकाची नोकरी पोलिसांच्या गुप्त अहवालावरून गेली. त्याने पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कामात भाग घेतला होता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्याच्या बाजूने निकाल देताना अमेरिकेतल्या त्या मॅकार्थीशाहीचे नाव घेतले आणि ती आपल्या घटनेला मानवणारी नाही असे बजावले. त्या शिक्षकाचे राजकारण आमचे नव्हे. परंतु समोर न आलेला साक्षीदार आज त्याच्या ताटातली भाकरी नेतो, तर उद्या आमच्या ताटातली नेईल.

तथापि घटनेतच ३११व्या कलमात एक दार उघडे आहे. राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी इष्ट नाही असे राष्ट्रपतींना वा राज्यपालांना वाटले, तर चौकशीवाचून सरकारी नोकराला बडतर्फ करता येते. ते दार क्वचित उघडावे, आणि उघडले तर कोणासाठी, याची विचारपूस आपण करीत राहावी. किल्ल्या सांभाळणाऱ्याची जरूर तपासणी करा. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यालाही मात्र एकदा समोर बसवा.