कोल्हापूर–वैभववाडी लोहमार्ग

मध्य रेल्वेचे टोकाचे स्थानक असलेले कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोकण रेल्वेवरचे वैभववाडी यांना सह्याद्री ओलांडून जोडणारा नियोजित रुंदमापी (ब्रॉडगेज) लोहमार्ग. त्याची लांबी सुमारे १०८ किमी. असून २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याचा समावेश झाला. प्रत्यक्ष रुळांपेक्षा मागण्या, सर्वेक्षणे आणि संसदेतील प्रश्न यांनीच त्याचा इतिहास अधिक व्यापलेला आहे. हा इतिहास बव्हंशी विरोधी बाकांवरच्या लोकप्रतिनिधींनी रेल्वेच्या धोरणाशी घातलेल्या वादाचा आहे, आणि त्यामुळे नुसत्या अभियांत्रिकीच्या अंगाने त्याची नोंद करणे अपुरे ठरते.

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या वाटांपैकी गगनबावड्याची वाट ही प्रमुख वाटांपैकी एक. कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किमी.वर घाटमाथ्यावर वसलेले गगनबावडा हे तालुक्याचे ठिकाण असून जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. मराठेशाहीतील अमात्य रामचंद्रपंत यांच्या घराण्याची जहागीर येथे होती. गावाजवळ गगनगड असून माथ्यावरून दोन घाट खाली उतरतात : करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूस. गूळ, साखर आणि भाजीपाला खाली जातो. आंबा, काजू आणि मासळी वर येते. ही सारी ने-आण ट्रक आणि एस.टी. यांच्या भरवशावर चालते, आणि तो भरवसा पावसाळ्यात दरडींमुळे, तर घाटमाथ्यावरून कोल्हापूरकडे येताना पुराच्या पाण्यामुळे वारंवार तुटतो. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून काँक्रिटीकरणासाठी सुमारे वर्षभर बंद राहिला, तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा या घाटांकडे वळवावी लागली. एकाच रस्त्यावर सारा भार टाकण्याच्या धोरणाची मर्यादा त्या काळात गगनबावडा आणि वैभववाडी या दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांना चांगलीच जाणवली.

कोल्हापूरला रेल्वे आली ती संस्थानी पुढाकाराने. मिरज–कोल्हापूर मार्ग संस्थानने बांधला, १८८८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते त्याची पहिली कुदळ मारली गेली आणि १८९१ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे ४८ किमी.चा हा मार्ग आरंभी मीटरमापी होता. पुणे–मिरज–कोल्हापूर रुंदीकरणानंतर, १९७१ मध्ये, तो रुंदमापी झाला. मात्र कोल्हापूरच्या पश्चिमेस रूळ एक पाऊलही पुढे सरकले नाहीत. परिणामी कोल्हापूरहून रेल्वेने रत्नागिरी किंवा कणकवलीस जायचे, तर पुणे–मुंबईचा किंवा मिरज–लोंढा–मडगावचा वळसा घ्यावा लागतो, आणि नकाशावर हाकेच्या अंतरावर असलेला कोकण, रेल्वेच्या हिशेबात मात्र दूर पडतो.

या अडचणीच्या मुळाशी घाटाचा उतार आहे. रेल्वेगाडीला रस्त्यावरच्या वाहनासारखा तीव्र चढ चढता येत नाही. बोरघाटात १ : ३७ (दर ३७ मीटर लांबीला एक मीटर) असा चढ असून तेथे गाडीला मागून जादा इंजिन लावावे लागते, कोकण रेल्वेने आपला नियामक चढ १ : १५० इतका सौम्य ठेवला. पाचशे मीटरची उंची १ : १०० या चढाने उतरायची ठरवली, तरी त्यासाठी ५० किमी.ची लांबी लागते, आणि सह्याद्रीच्या कड्यावर ती लांबी सरळ मिळत नसल्याने बोगदे आणि वळणे यांचा आधार घ्यावा लागतो. सपाट मुलखातल्या मार्गापेक्षा हा मार्ग म्हणूनच कित्येक पटींनी महाग पडतो. येथेच रेल्वेच्या धोरणाचा जुना निकष आडवा येतो. नवा मार्ग मंजूर करताना ‘परतावा दर’, म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावर वाहतुकीतून दर वर्षी मिळू शकणारे निव्वळ उत्पन्न, पाहिला जातो, आणि दीर्घकाळ त्याची किमान पातळी १४ टक्के मानली गेली. डोंगराळ, विरळ वस्तीचा भाग या चाळणीतून क्वचितच पार पडतो. रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत, उद्योग नाहीत म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून रेल्वे परवडत नाही, या चक्राविरुद्ध कोकणातील समाजवादी नेत्यांनी संसदेत मांडलेला युक्तिवाद हा या विषयातला सर्वांत भरीव वैचारिक भाग होय.

घाटाखालचा वैभववाडीचा प्रदेश पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात मोडत असे. प्रजा समाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै (१९२२–१९७१) यांनी १९५७ पासून मृत्यूपर्यंत या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. कोकण रेल्वेच्या मागणीचे आद्य पुरस्कर्ते अ. ब. वालावलकर यांनी केलेल्या पायाभूत कामाला नाथ पै यांच्यामुळे संसदेचे व्यासपीठ मिळाले. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ च्या निवडणुकीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मधु दंडवते (१९२४–२००५) निवडून आले आणि पुढे १९९१ पर्यंत सलग पाच वेळा त्यांनी ही जागा राखली. या वीस वर्षांतील मोठा काळ त्यांनी विरोधी बाकांवर काढला. अशा सदस्याच्या हाती धोरणाला आव्हान देण्याची जी साधने असतात, त्यांत प्रश्नोत्तराचा तास, रेल्वे अर्थसंकल्पावरील चर्चा आणि कपात सूचना ही प्रमुख. कपात सूचना म्हणजे एखाद्या खात्याच्या अनुदानाच्या मागणीत कपात सुचवणारा प्रस्ताव : धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना दिली जाते, एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपात सुचवली जाते. सरकारपाशी बहुमत असेतो अशा सूचना फेटाळल्या जाणार हे उघड असते; तरीही त्यांमुळे मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर अधिकृत नोंदीत राहते. मागास भागाच्या मागणीला दशकानुदशके जिवंत ठेवण्याचे काम या नोंदींनी केले, असे म्हणण्यास जागा आहे.

दंडवते यांचे वेगळेपण असे की, विरोधी पक्षात असताना मांडलेले मुद्दे त्यांना सत्तेत येऊन तपासून पाहण्याची संधी मिळाली. १९७७ ते १९७९ या काळात मोरारजी देसाई मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री होते. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात नोकरी गमावलेल्या कर्मचाऱ्यांना कामावर परत घेणे, दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गाद्या बसवणे आणि एकाच वर्गाची ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू करणे हे त्यांच्या कारकिर्दीतील निर्णय. आपटा–रोहा या मार्गाला चालनाही त्याच काळात मिळाली; परंतु सरकार पडल्यावर काम रेंगाळले आणि रोह्याला गाडी पोहोचण्यास १९८६ उजाडले. पुढे १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, आणि वित्त व रेल्वे ही दोन्ही खाती कोकण रेल्वेच्या समर्थकांच्या हाती एकाच वेळी आली. नेहमीच्या अर्थसंकल्पीय तरतुदीची वाट न पाहता १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन करण्यात आले. त्याच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला, आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभारण्यात आला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किमी.चा मार्ग बांधून झाला आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला. मतदारांनी मात्र १९९१ मध्येच दंडवते यांना पराभूत केले होते. परतावा दराच्या निकषाला वळसा घालणारी ही महामंडळाची रचना, विरोधी बाकांवरून झालेल्या टीकेचे धोरणात रूपांतर कसे होते याचे भारतीय रेल्वेतील ठळक उदाहरण मानावे लागेल. मात्र ते रूपांतर टीकाकार सत्तेत आल्यावरच झाले, हेही तितकेच खरे.

कोकण रेल्वे सुरू झाल्यावर तिला घाटमाथ्याशी जोडण्याची मागणी स्वाभाविकपणे पुढे आली. रोह्यापासून दक्षिणेला थेट मडगावपर्यंत तिला देशाच्या अंतर्भागाशी जोडणारा एकही फाटा नाही, त्यामुळे विजयदुर्ग आणि जयगडसारख्या बंदरांचा माल रुळांवरून पश्चिम महाराष्ट्रात सरळ येऊ शकत नाही. कराड–चिपळूण आणि कोल्हापूर–वैभववाडी असे दोन पर्याय चर्चेत राहिले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात कोल्हापूर–वैभववाडी मार्गाला स्थान मिळाले. प्रभू यांनीही पूर्वी राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले होते. तो देशाचा अखेरचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प ठरला, कारण २०१७-१८ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि रेल्वेवरील स्वतंत्र, सविस्तर चर्चेचा विरोधकांचा जुना अवसर आकुंचित झाला. अर्थसंकल्पात नाव येणे आणि काम सुरू होणे यांत बरेच टप्पे असतात : मार्गाचे अंतिम सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, खर्चातील राज्याचा वाटा, मंत्रिमंडळाची आर्थिक मान्यता, भूसंपादन. या टप्प्यांत अडकलेल्या प्रकल्पाला दर वर्षी नाममात्र तरतूद देऊन कागदावर जिवंत ठेवण्याची रेल्वेची रीत आहे, आणि विरोधकांचा मुख्य आक्षेप याच रीतीवर असतो. २०२३ मध्ये ‘पीएम गतिशक्ती’ या राष्ट्रीय नियोजन व्यवस्थेतील जाळेनियोजन गटाने सुमारे ३,४०० कोटी रुपये खर्चाच्या या मार्गाचा विचार केला. तथापि त्यानंतरही बांधकामाला गती आली नाही.

घाटमाथ्यावरील विरोधी राजकारणाचा रोख अलीकडे रेल्वेकडून महामार्गाकडे वळलेला दिसतो. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते सिंधुदुर्गातील पत्रादेवी या ८०२ किमी.च्या नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर जिल्ह्यात तीव्र विरोध झाला. विधान परिषदेतील काँग्रेसचे गटनेते सतेज पाटील आणि माजी खासदार राजू शेट्टी हे त्याचे प्रमुख नेते. पाटील यांचा गगनबावडा तालुक्याशी संबंध तेथील डॉ. डी. वाय. पाटील सहकारी साखर कारखान्यामुळे निकटचा आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, रत्नागिरी–नागपूर महामार्ग उपलब्ध असताना समांतर रस्त्याची गरज नाही, बागायती जमिनी त्यात जातील, आणि पूरपट्ट्यात उंच भराव घातल्यास २०१९ व २०२१ सारख्या पुरांचे पाणी अधिक काळ तुंबून राहील. तीर्थक्षेत्रे जोडली जातील आणि मागास जिल्ह्यांत गुंतवणूक येईल, ही सरकारची बाजू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. निवडणुकीनंतर, जून २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने या महामार्गाच्या नियोजन व भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांस मान्यता दिली. केवळ या रकमेच्या एका लहान हिश्शात कोल्हापूर–वैभववाडी मार्गाचा २०२३ मधील अंदाजित खर्च भागला असता. दोन्ही प्रकल्पांचे निधीस्रोत वेगळे आहेत, हे मान्य करूनही प्राधान्यक्रमाचा प्रश्न शिल्लक राहतो. विरोधकांची बाजूही या बाबतीत निर्दोष नाही, कारण २०१९ ते २०२२ या काळात राज्यात त्यांचीच आघाडी सत्तेवर होती आणि पाटील स्वतः मंत्री होते, परंतु तेव्हाही या लोहमार्गाचे काम सुरू झाले नाही.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. नव्या गाड्या आणि दुहेरीकरण यांसाठी महामंडळाची कर्ज काढण्याची क्षमता अपुरी पडते, हे त्यामागील मुख्य कारण. विलीनीकरण पूर्ण झाल्यास या मार्गाची दोन्ही टोके एकाच यंत्रणेखाली येतील, जोडमार्गासाठी मध्य रेल्वे आणि महामंडळ यांच्यात स्वतंत्र कराराची आवश्यकता उरणार नाही आणि त्याचा खर्च सर्वसाधारण रेल्वे भांडवलातून मागता येईल.