शंभर वेळा धुतलेल्या तुपापासून सेरामाइडपर्यंत : मॉइश्चरायझरच्या डबीचा इतिहास

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास आपण या मालिकेत पाहतो आहोत, आणि आजची वस्तू आहे मॉइश्चरायझर. थंडी पडली की इंदूर, नागपूर, दिल्लीकडच्या मंडळींचा हात आपोआप त्या डबीकडे जातो. चेन्नई किंवा पणजीत राहणाऱ्यांना तिची तितकी निकड वाटत नाही. पण भेगाळलेली टाच, उललेले ओठ, तान्ह्या बाळाची खरखरीत त्वचा हे प्रश्न सगळ्यांच्याच घरात असतात.

मला हमखास विचारलं जातं की दुकानात शंभर रुपयांची डबी आणि दोन हजारांची बाटली शेजारी शेजारी असतात, दोन्हींच्या मागे बारीक अक्षरात वीस-पंचवीस नावं असतात, मग फरक नेमका कशात असतो? मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, इतिहास वाचणारी आणि सांगणारी आहे. पण माझं मत असं झालं आहे की ही नावं इतिहासातून समजून घेतली तर यादी सोपी होते. त्यातलं बहुतेक प्रत्येक नाव कधी ना कधी एखाद्या अडचणीवरचं उत्तर म्हणून आलेलं आहे. अडचण कळली की त्या घटकाचं काम कळतं, आणि काम कळलं की तुलना करता येते.

तेल आणि पाणी एकत्र आणण्याची खटपट

सुरुवात करू या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून. पर्गमममध्ये जन्मलेला आणि पुढे रोममध्ये नावारूपाला आलेला वैद्य गॅलेन. मधमाश्यांचं मेण, तेल आणि गुलाबाचा अंश एकत्र वितळवून त्यात घोटून घोटून पाणी जिरवायचं, अशी एक कृती त्याच्या नावावर सांगितली जाते. हे मलम अंगाला लावलं की त्यातलं पाणी उडून जायचं आणि गार वाटायचं. म्हणून पुढे त्याला ‘कोल्ड क्रीम’ म्हणू लागले.

आता आपल्याकडे या. आयुर्वेदातलं शतधौत घृत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तांब्याच्या भांड्यात तूप घ्यायचं, त्यात पाणी घालून फेसायचं, पाणी टाकून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. शेवटी तुपाचा पिवळा रंग आणि वास जाऊन पांढरंशुभ्र, मऊ मलम उरतं. भाजल्यावर, आग होत असताना ते लावत. तेलात राळ विरघळवून पाण्याबरोबर घोटून केलेलं राळेचं मलम याच कुळातलं.

रोमचा वैद्य आणि आपला वैद्य, दोघेही एकच गोष्ट करत होते. स्निग्ध पदार्थात पाण्याचे बारीक थेंब अडकवायचे. दोघांची अडचणही एकच होती. हे मिश्रण फार टिकत नसे. पाणी सुटायचं आणि तेल खवट व्हायचं. म्हणून अशी मलमं थोडी थोडी करून लवकर संपवावी लागत. आजच्या लेबलावरची अर्धी नावं या दोन जुन्या अडचणींसाठी आहेत. तेल-पाणी धरून ठेवणारे इमल्सिफायर, आणि बुरशी-जंतू वाढू न देणारे प्रिझर्व्हेटिव्ह. ती नावं अवघड असतात म्हणून लोक घाबरतात. पण पाणी असलेलं क्रीम त्यांच्याशिवाय महिनोन्‌महिने ठेवणं धोक्याचं असतं.

तेलविहीर, मेंढी आणि एक निळा डबा

एकोणिसाव्या शतकात खवटपणावर उत्तर सापडलं, तेही अगदी अनपेक्षित ठिकाणी. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला खनिज तेल लागलं. रॉबर्ट चेसब्रो हा बाविशीतला तरुण रसायनतज्ज्ञ तिथे गेला. उपशाच्या दांड्यांवर एक काळपट चिकट मेण साचायचं. कामगार त्याला वैतागलेले, पण कापलं-भाजलं की तेच लावायचे. चेसब्रोने ते नेऊन शुद्ध करत करत पांढुरकं, वास नसलेलं केलं आणि १८७२ मध्ये ‘व्हॅसलिन’ नावाने पेटंट घेतलं. लेबलावर आज त्याला पेट्रोलॅटम म्हणतात. ते खवट होत नाही आणि त्वचेतून पाणी उडून जाणं थोपवण्यात आजही त्याच्या तोडीचे घटक फार थोडे आहेत. खनिज तेलाच्या नावाने आपण बिचकतो. पण विहिरीवरचं कच्चं मेण आणि सौंदर्यप्रसाधनात वापरण्याजोगं शुद्ध केलेलं पेट्रोलॅटम यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर शुद्धीकरणाने पडतं.

दुसरं उत्तर मेंढीच्या लोकरीत होतं. लोकरीवरचं मेण प्राचीन ग्रीकांनाही माहीत होतं, पण त्याला उग्र वास यायचा. १८८२ मध्ये जर्मनीत ओटो ब्राऊन आणि ऑस्कर लीबराइश यांनी ते शुद्ध करण्याची पद्धत काढली. तेच लॅनोलिन. त्याची खासियत म्हणजे ते स्वतःत भरपूर पाणी सामावून घेतं. पुढे आयझॅक लिफशुट्झ या रसायनतज्ज्ञाने लोकरीच्या मेणापासूनच ‘युसेरिट’ नावाचा पदार्थ वेगळा केला, जो तेल-पाणी पक्कं बांधून ठेवायचा. हांबुर्गमध्ये बायर्सडॉर्फ कंपनीचे मालक ऑस्कर ट्रोप्लोविट्झ आणि त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी त्याचा उपयोग ओळखला, आणि १९११ मध्ये निव्हिया बाजारात आलं. हा शब्द बर्फासाठीच्या लॅटिन शब्दावरून घेतला. निळा डबा मागाहून, १९२५ साली आला. गॅलेनला न सुटलेलं टिकाऊपणाचं कोडं इथे सुटलं. क्रीम कारखान्यात बनवून, डब्यात भरून, आगबोटीने जगभर पाठवता येऊ लागलं.

ग्लिसरीनचाही उल्लेख इथेच करते. १७७९ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याला ऑलिव्ह तेलावर प्रयोग करताना हा गोडसर द्रव मिळाला. पुढे साबण-मेणबत्त्यांच्या कारखान्यात तो जोडउत्पादन म्हणून ढिगाने निघू लागला आणि स्वस्त झाला. तो पाणी ओढून धरतो. स्वस्त असल्यामुळे त्याला कुणी मान देत नाही, पण शंभराच्या डबीत आणि दोन हजारांच्या बाटलीत बहुतेक वेळा पाण्याच्या पाठोपाठ तोच असतो.

आपल्याकडचा ‘स्नो’

‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत कुठून आला, याचा विचार केलाय? १८९२ मध्ये इंग्लंडमधून ‘हेझलिन स्नो’ आलं. मग मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास ‘अफगाण स्नो’ काढलं आणि ते घराघरांत पोचलं. हे व्हॅनिशिंग क्रीम. स्टिअरिक आम्ल घ्यायचं, त्याच्या थोड्या भागाचा क्षार घालून साबण करायचा, आणि भरपूर पाण्यात ते घोटायचं. दिसायला बर्फासारखं, चोळलं की दिसेनासं होणारं, चिकट न वाटणारं. आपल्या दमट हवेला आणि वर पावडर लावायला उत्तम. पण ओलावा टिकवण्याच्या कामात ते हलकंच, कारण त्यात स्निग्धांश थोडा.

त्याच काळात, १९२९ मध्ये, कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन सुरू केलं. बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन. हे घट्ट, तेलकट मलम. कापणं, भाजणं, फुटलेले ओठ यांसाठी.

म्हणजे १९३० पर्यंत आपल्या बाजारात दोन वाटा पडल्या होत्या. एक दिसण्यासाठीचं क्रीम, एक दुखण्यासाठीचं मलम. पुढे स्नोची वाट गोरेपणाच्या जाहिरातींकडे वळली. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चा पाया व्हॅनिशिंग क्रीमचाच होता, आणि त्यात नायसिनामाइड होतं, जे आज नवलाईचा घटक म्हणून सीरमच्या बाटल्यांवर मिरवतं. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला. दोन पिढ्यांच्या मुलींना काळं असणं ही दुरुस्त करायची गोष्ट आहे असं सांगितलं गेलं, आणि ज्याची त्वचेला खरी गरज होती तो ओलावा मागे पडला. मला या इतिहासात सर्वांत जास्त खटकतं ते हे.

कोरड्या त्वचेला हवं काय, तेल की पाणी?

इतकी शतकं सगळे धरून चालले होते की कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलेली त्वचा. १९५२ मध्ये अमेरिकेत अर्व्हिन ब्लँक या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने घट्ट्यांच्या कातडीचे वाळलेले तुकडे घेतले. तेलात बुडवून ठेवले तरी ते कडकच राहिले. पाण्यात ठेवल्यावर मऊ पडले. त्वचेचा वरचा थर लवचिक राहतो तो त्यातल्या पाण्यामुळे. तेलाचं काम ते पाणी अडवण्याचं.

आपल्याकडच्या खोबरेल तेलाचं किंवा कोकणातल्या कोकमाच्या तेलाचं यश यातून नीट समजतं. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, लगेच कोकम तेल चोळलं तर टाच मऊ होते. तेच तेल ठणठणीत कोरड्या टाचेवर लावलं तर चमक येते, पण कडकपणा तितका जात नाही.

ब्लँकनंतर संशोधन त्वचेच्या आत शिरलं. वरच्या थरात अमिनो आम्लं, युरिया असे पाणी धरणारे पदार्थ निसर्गतःच असतात, हे स्पष्ट झालं. फ्रीडरिश व्होलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेला युरिया म्हणूनच टाचांच्या क्रीममध्ये दिसतो. प्रमाण वाढलं की तो जाड कातडी सैलही करतो. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यात सापडलेलं हायलुरोनिक आम्लही पाणी धरणाऱ्यांच्याच गटातलं.

मग विटा आणि गिलाव्याचं चित्र आलं. पेशी म्हणजे विटा, मधला गिलावा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत पीटर एलियास आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की यातला एखादाच घटक लावला तर त्वचेची डागडुजी लांबते, तिन्ही मिळून लावले तर ती नीट होते. २००६ मध्ये असंही दिसलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असणाऱ्यांना एक्झिमाचा धोका जास्त असतो. अशा मुलांसाठी मॉइश्चरायझर ही हौस राहत नाही, तो उपचाराचा भाग असतो.

डबी मागून वाचताना

आता हा इतिहास हातात घेऊन दुकानात जाऊ. कामं तीनच. पाणी ओढून धरणं : ग्लिसरीन, युरिया, हायलुरोनिक आम्ल. पाणी अडवणं : पेट्रोलॅटम, लॅनोलिन, मेण, डायमेथिकोन. भेगा बुजवून मऊ करणं आणि गिलावा भरणं : वनस्पतींची तेलं, कोकम किंवा शिआ बटर, सेरामाइड. बाकी नावं मिश्रण टिकवण्यासाठी किंवा वासासाठी.

आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याखालचे नंतर कोणत्याही क्रमाने. इथे एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्यापर्यंतच वापरतात. त्याच्या नंतर जे लिहिलं आहे ते एक टक्का किंवा त्याहून कमी, असं समजायला हरकत नाही. डबीवर मोठ्या अक्षरात केशर किंवा बदाम असेल आणि मागे ते या खुणेच्या खाली असेल, तर तुम्ही पैसे कशाचे देताय ते कळतं. सेरामाइडसारखे घटक मात्र थोड्या प्रमाणातही काम करू शकतात, म्हणून नुसत्या क्रमावरून सगळंच मोडीत काढू नका.

चेन्नईच्या दमट हवेत ग्लिसरीनचं हलकं लोशन पुरेल. नागपूरच्या जानेवारीत वरून अडवणारं काहीतरी हवंच. एक्झिमा असेल तर सुगंध नसलेलं घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. आणि कुठलंही असो, अंघोळीनंतर अंग जरा ओलं असतानाच लावा.

महाग बाटली वाईट असते असं मी म्हणत नाही. तिचा वास, स्पर्श आवडत असेल तर जरूर घ्या. पण ज्या घरात महिन्याचा हिशेब करून खर्च होतो, तिथल्या बाईने टाचेच्या भेगांसाठी साधं पेट्रोलियम जेली घेताना ‘आपल्याला चांगलं परवडत नाही’ असं मनाला लावून घेऊ नये. दीडशे वर्षं उलटली तरी त्या कामात ते अजून पहिल्या रांगेत आहे.

आज घरी गेल्यावर आपली डबी उलटी करा, पहिली पाच नावं वाचा आणि तीन कामांपैकी कोणतं काम कोण करतंय ते ओळखून बघा.