दहावीनंतर डिप्लोमा: बीदरला की लातूरला? सीमाभागातल्या पालकांसाठी माहिती

बीदर/कलबुर्गी : दहावीचा निकाल लागला की औराद, भालकी, बसवकल्याण, कमलनगर, आळंद भागातल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पीयूसीला घालायचं, आयटीआयला घालायचं की डिप्लोमाला? डिप्लोमा ठरला तर पुढचा प्रश्न, इकडं की तिकडं? नियम दोन्ही राज्यांचे वेगळे आहेत. फॉर्म भरण्याआधी ते समजून घेतलेले बरे.

डिप्लोमा म्हणजे काय?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमध्ये जे तांत्रिक शिक्षण मिळते, साधारण तेच काम आपल्याकडे पॉलिटेक्निक करते. दहावीनंतर तीन वर्षे, सहा सेमिस्टर. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या नेहमीच्या शाखा. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, वेगळी प्रवेश परीक्षा नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. त्यासाठी कर्नाटकात केईए ही संस्था डीसीईटी परीक्षा घेते. महाराष्ट्रात डिप्लोमाच्या गुणांवर कॅप फेरीतून प्रवेश होतो.

इकडे शिकायचे तर

बीदर आणि औराद इथे सरकारी पॉलिटेक्निक आहेत. पुढे पदवीसाठी बीदरचे गुरु नानक देव आणि भालकीचे भीमण्णा खंड्रे ही इंजिनिअरिंग कॉलेजे जवळ पडतात. कलबुर्गीचे पीडीए कॉलेज १९५८ पासून आहे. २०१७ मध्ये बीदर–कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्याने जाणे-येणेही सोपे झाले.

इथला सर्वात मोठा फायदा कलम ३७१(जे). ९८व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले आणि २०१३ च्या आदेशाने कल्याण कर्नाटकातल्या शिक्षणसंस्थांत स्थानिकांना ७० टक्के जागा राखीव झाल्या. भागाबाहेरच्या राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के. नोकरीतही या भागातल्या क गटाच्या पदांना ८० टक्के आरक्षण आहे. त्यासाठी सहायक आयुक्तांचे स्थानिक व्यक्ती प्रमाणपत्र लागते. ते जन्म, वास्तव्य किंवा आईवडिलांच्या वास्तव्यावर मिळते, भाषेवर नाही. मराठी माणसाचा त्यावर तेवढाच हक्क आहे. निकालानंतर गर्दी होते, म्हणून कागद आधीच काढून ठेवा.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कन्नड माध्यमासाठीचा वेगळा कोटा मराठी शाळेत शिकलेल्यांना मिळत नाही. ग्रामीण कोट्याची अट वेगळी असते, ती तपासा.

तिकडे शिकायचे तर

लातूरचे पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, शिवाय सोलापूर आणि नांदेडची शासकीय तंत्रनिकेतने आपल्या पोरांना माहीत आहेत. परीक्षा एमएसबीटीई घेते, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप फेऱ्यांतून होतो.

कर्नाटकातून दहावी झाली म्हणजे परराज्यातला उमेदवार, असे बरेच जण धरून चालतात. पण महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत ‘टाइप ई’ हा प्रकार आहे. वादग्रस्त महाराष्ट्र–कर्नाटक सीमाभागातल्या मान्यताप्राप्त शाळेतून दहावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्राच्या जागांसाठी पात्र ठरतो. त्यासाठी दोन दाखले हवेत: सीमाभागातला असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. नमुने माहितीपुस्तिकेच्या शेवटी दिलेले असतात. दाखले नसतील तर फॉर्म परराज्याच्या रकान्यात जाऊ शकतो, आणि तिथे जागा कमी असतात.

महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. २००४ पासून तो खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. बीदर जिल्ह्यातली आणि आळंदकडची गावे त्यात येतात, पण प्रत्येक गाव येत नाही. आपले गाव यादीत आहे का, ते आधी बघा.

जातीचा दाखला राज्यागणिक बदलतो

इथेच घोळ होतो. जातींच्या याद्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या. मराठा समाज कर्नाटकात ३ब प्रवर्गात आहे, महाराष्ट्रात वर्गवारी वेगळी. नाडकचेरीतून काढलेल्या दाखल्यावर लातूरला आरक्षण मिळेलच असे गृहीत धरू नका. सुविधा केंद्रावर विचारा आणि खुल्या प्रवर्गातून कितीवर जागा मिळते ते गेल्या वर्षीच्या कटऑफमध्ये पाहूनच पसंतीक्रम भरा.

पैशाचे काय?

मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ५०,००० रुपये, घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. अपंग विद्यार्थ्यांसाठी सक्षम शिष्यवृत्ती आहे. या केंद्रीय योजना आहेत, दोन्ही राज्यांत चालतात. कॉलेजला एआयसीटीईची मान्यता मात्र हवी. राज्यांच्या शिष्यवृत्त्यांना बहुधा त्या त्या राज्याचा रहिवासी दाखला लागतो. तिकडे जाताना हा खर्च हिशेबात धरा. फी, खोलीभाडे, मेस आणि एसटीचा पास मांडून बघा. नुसती फी बघून निर्णय घेऊ नका.

भाषा आणि नोकरी

डिप्लोमाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठी शाळेतून गेलेल्या पोराला पहिले सेमिस्टर जड जाते, गणित आणि इंग्रजी जास्त. सुट्टीत दोन्हीची तयारी करून घेतली तर फरक पडतो.

कर्नाटकात सरकारी ज्युनिअर इंजिनिअर व्हायचे तर सक्तीच्या कन्नडचा पेपर पास करावा लागतो. म्हणून लातूरला शिकलात तरी कन्नड लिहिणे-वाचणे सोडू नका. ३७१(जे) चा हक्क तिकडे शिकल्याने जात नाही, पण कन्नड येत नसेल तर त्या हक्काचा उपयोग होत नाही. उलट महाराष्ट्राच्या काही सरकारी भरतीत ८६५ गावांतल्या १५ वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो.

डिप्लोमानंतर लगेच नोकरी नाही लागली तर घरी बसू नका. अप्रेंटिस कायद्याखाली एक वर्षाचे प्रशिक्षण मिळते, विद्यावेतनासह. नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर होते.

दोन्ही राज्यांत एकाच वेळी अर्ज करायला अडचण नाही. पण मूळ गुणपत्रिका आणि टीसी एकच असते. एकीकडे जमा केली की दुसरीकडची फेरी हातची जाते. म्हणून पहिल्या फेरीआधीच घरात बसून ठरवा. आणि ठरवताना शिकणाऱ्या पोराला विचारायला विसरू नका.